न लिहिलेल्या लेखाची नोंद

खाजासाब,

कॉलेजच्या स्मृतिअंकासाठी तुमच्यावर लिहायला मला सांगितलं, तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. कॉलेजच्या शोकसभेतही मला बोलायला उभं केलं, तिथंही नाही म्हणालो नाही. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि आधीचे चौघे बोलले तेच बोललो. तुम्ही मनमिळाऊ होता, शांत होता, पडद्यामागं राहून काम करणारे होता. तुम्ही पहिल्या रांगेत असता तर उठून उभे राहिला असता. "मेलाय कोन? माझ्या मयतीत दुसऱ्याचंच नाव घ्यायलेत की हे!"

पडद्यामागं राहणारा माणूस नव्या पुस्तकांचं पार्सल आलं की शेरवानी घालून येत नाही. मनमिळाऊ ग्रंथपाल प्राध्यापकाच्या हातातलं पुस्तक काढून घेऊन "मागचं वाचलाव का ते आधी सांगा" असं भर लायब्ररीत म्हणत नाही. अख्ख्या बीदरात तुमच्याइतका भांडखोर आणि स्वतःवर खूश माणूस मी पाहिला नाही. तेवढं एक वाक्य मला सभेत म्हणता आलं असतं. माझी ख्यातीच स्पष्ट बोलण्याची. पण ही ख्याती मला कुठून मिळाली ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि म्हणूनच जीभ वळली नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला बीदरलगतच्या मैलूरला तुमच्या घरी गेलो होतो. जेवणं झाल्यावर नसीमनं मला आत बोलावलं. तुमची मुलगी बोलायला तुमच्यावर गेली आहे, पण आवाज आईचा, त्यामुळं तिचं बोलणं जास्त लागतं. तिनं तुमची लेखसूची छापायला घेतली आहे. मराठी आणि कन्नड खिळे बीदरच्याच छापखान्यात जुळवलेत, उर्दू भाग कातिबाकडून सुवाच्य अक्षरात हातानं लिहून घेतलाय. प्रुफं समोर ठेवून तिनं 'भीमा' या मथळ्याखालच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"काका, ही ठेवायची का काढायची?"

ती ओळ माझ्या नावाची होती. लेखाचं नाव होतं, 'भीमेकाठचे एक बौद्ध शिल्प.' पुण्याच्या एका त्रैमासिकाचं नाव होतं. पृष्ठांक नव्हते. नसतीलच, कारण तो लेख मी कधी लिहिलाच नाही.

"विचार करून सांगतो," म्हणालो आणि चपला घालून निघालो. हे सगळं म्हणजे तोच विचार आहे.

लोकांना आधी सूची म्हणजे काय ते सांगायला हवं, सभेत ते कुणीच सांगितलं नाही. आपल्या भागातल्या किल्ल्यांवर, कबरींवर, शिलालेखांवर, मातीखालून निघालेल्या वस्तूंवर आजवर कुणी काय लिहिलं आणि ते आज कुठं वाचायला मिळेल, याची ती यादी. निजामाच्या वेळी पुरातत्त्व खात्याचे अहवाल इंग्रजीत निघत, आणि त्याच विषयांवर लोक उर्दू मासिकांतून लिहीत. छप्पन साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. बीदर-गुलबर्गा म्हैसुरात आलं. त्याच्यावरचे कागद हैदराबादेत राहिले. मराठीतून लिहिणारे पुण्याला आणि औरंगाबादला, कन्नडातून लिहिणारे धारवाडला. "माझी हाडं इकडं अन् कुंडली तिकडं," असं तुम्ही म्हणायचात. तुम्ही हुलसूरला वाढलेले, हैदराबादेत उर्दूतून शिकलेले. राज्य बदललं त्या दिवशी तुमची डिग्री ज्या भाषेत होती ती भाषा कचेरीतून उठून गेली. तुम्ही त्यावर रडला नाहीत. भांडलात मात्र भरपूर.

पुरातत्त्वाच्या लिखाणाची दरसालची सूची काढायची रीत सायबाच्या देशांत जुनी. तसली एक जाड सूची कॉलेजात बोटीनं यायची, येईपर्यंत शिळी व्हायची. ती आली की तुम्ही दिवसभर कुणाला हात लावू देत नव्हता. आधी पानं कुरवाळायचात. "बघ, बघ, कसं लावलंय! लेखकाचं वेगळं, गावाचं वेगळं. मानूस मेला तरी दुसऱ्याला सापडलं पायजे, अशी सोय हाय ही." मग आपल्या भागाचं पान काढायचात आणि पारा चढायचा. "बीदर नुसतं दोन जागी! दोन! अन् उर्दूचं न्हाई, मराठीचं न्हाई, कन्नडाचं न्हाई. म्हणजे आमचे लोक दगडाकडं बघून मुकेच बसले म्हणायचं का?"

त्या रागातून तुमची सूची निघाली. उत्तरपत्रिकांची उरलेली जाड कव्हरं कापून कार्डं केलीत. ज्या भाषेतला लेख, त्याच लिपीत त्याची नोंद, भाषांतर नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत बायकोला माहेरी आणि स्वतःला हैदराबादेत सोडायचात, आणि तिथल्या लायब्रऱ्यांत बसून उतरवून आणायचात. आधी कार्डं जिल्हावार लावली होती. मग तालुके इकडचे तिकडं झाले, पुढं राज्याचंही नाव बदललं, आणि दर खेपेला मथळे खोडून तुम्ही वैतागलात. एका सकाळी येऊन बघतो तर सगळी कार्डं टेबलावर उपडी आणि तुम्ही ती नदीवार लावताय. भीमा, मांजरा, कारंजा, कागिणा. "सरकार काय बी करू दे, भीमा काय उद्या मद्रासला जायची न्हाई." अशी नदीवार लावलेली सूची मी दुसरीकडं कुठं बघितली नाही. आणि तुमचा नियम एकच होता, जे हातात धरून बघितलं नाही, ते कार्डावर नाही. कुणी कितीही मोठ्या माणसानं सांगो. एकट्या माझ्यासाठी तुम्ही तो मोडलात.

मी त्या वेळी बीदरला हायस्कुलात इतिहास शिकवायला नवा आलो होतो. आमच्या वस्तीतला पहिला बी.ए. खोलीच्या दारावर पाटी लावली होती, 'सिद्राम चिंचूरगीकर, बी.ए.' आडनावाच्या जागी गावाचं नाव. आडनाव सांगितलं की जात कळते, गावाचं नाव सांगितलं की माणूस कुणाचाही असू शकतो. घरमालकानं पाटी वाचली आणि पुढं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. लायब्ररीत पहिल्याच दिवशी मी पाटीसारखंच नाव सांगितलं, तुम्ही मात्र त्यातला शेवटचा शब्द तेवढा उचललात.

"या, बी.ए.साहेब. मराठी मासिकं वाचता येतात का नुसतीच डिग्री हाय?"

"येतात."

"मग बसा. माझं उर्दू, तुमचं मराठी, अन् कन्नड दोघांचं बी मोडकं. चालतंय."

पुढं कुणी मोठा माणूस लायब्ररीत आला की तुम्ही माझी ओळख "हे आमचे मराठीचे खातेप्रमुख" अशी करून द्यायचात. खातं म्हणजे खिडकीजवळचं एक स्टूल. पण मला आयुष्यात कुणी तोवर 'आमचे' म्हटलं नव्हतं, घराबाहेर तरी. मी तुम्हाला त्याबद्दल कधी धन्यवाद दिले नाहीत. आज देतो. उशिरा द्यायची सवयच आहे मला.

नाताळच्या सुट्टीत तुम्ही आमच्या गावी आलात. भीमेवरच्या देवळातला एक शिलालेख बघायचा होता, जेवण आमच्या घरी. मायनं दारात तुमच्या पायावर पाणी ओतलं, तिच्या धुण्याच्या दगडावर. एक पाय धुतलात आणि दुसरा तसाच हवेत ठेवून खाली वाकलात. दगडाच्या कडेखाली बोटं घातलीत.

"सिद्राम, ह्याच्या खालच्या अंगाला नक्षी हाय."

"शहाबादी फरशी हाय ओ. आमच्याकडं घराघरात आहे."

"पहार आन."

मी आणि बा पहार घालून दगड उचलायला लागलो तशी माय चुलीपासून धावत आली. "अवो साब, माझा दगुड कामून उलथायलाव? धुणं कुठं धुवू मी?"

"माय, तुझ्या दगडाखाली कोन तरी झोपलाय. उठवायलोत त्याला."

"उठवा, पन लवकर उठवा. चादरी भिजत घातल्यात."

दगड उलटला. माती निघाली तसं एक झाड दिसलं, झाडाभोवती कठडा, झाडाखाली एक रिकामं आसन, आसनाखाली दोन पावलं. दोन्ही बाजूंना हात जोडलेली माणसं. एका बाईच्या हातातल्या बांगड्यासुद्धा मोजता आल्या असत्या. आम्ही घरातले देव भीमेत सोडून फार वर्षं झाली नव्हती. भिंतीवर बाबासाहेबांचा एक फोटो आणि बुद्धाचं एक कॅलेंडर, एवढाच आमचा नवा धर्म होता.

"कोन हाय ह्यो?" बानं विचारलं.

"आसन बुद्धाचं," तुम्ही म्हणालात. "त्या वेळी त्याची मूर्ती करत नव्हते. जागा रिकामी ठेवायचे."

बानं त्या पावलांवरची उरलेली माती पुसली. मग म्हणाला, "आन् आमी ह्याच्यावर धुणं धुतलं."

"उलट्या अंगानं धुतलाव म्हणून तर नक्षी ऱ्हायली, अप्पा. देवळात असता तर तेल-शेंदरात गेला असता."

बा हसला. दगड पुन्हा उपडा घालायचा हे त्यानंच ठरवलं. जपून राहील म्हणाला. मायच्या चादरी त्याच्यावर धुतल्या गेल्या. तुम्ही आमच्या घरात बसून भाकरी, शेंगाची चटणी आणि ऊस खाल्लात, आणि गावातून जाताना पाटलाच्या माणसानं "जेवण कुठं झालं?" विचारलं तेव्हा आमचं घर हात करून दाखवलंत. मी खाली बघत चालत होतो.

परतताना गुलबर्ग्याच्या स्टँडवर बीदरची गाडी लागली. तुम्ही नेहमीसारखा तुमचा लाल चौकड्याचा रुमाल खिडकीतून आत सीटवर फेकलात आणि मग सावकाश दाराकडं निघालात. गर्दीत कुणी त्या रुमालावर बसलं नाही. आपल्याकडं रुमालाला मान आहे. गाडीत बसल्या बसल्या म्हणालात, "लेख तू लिहायचास. मी न्हाई. दगड तुझ्या दारात हाय."

पुण्याच्या त्रैमासिकाला पत्र टाकलं. 'पाठवा, घेतो,' असं संपादकांचं उत्तर आलं. मी तुम्हाला म्हटलं, लिहायलोय. तुमची सूची त्याच महिन्यांत स्टेन्सिलवर चढत होती. सायक्लोस्टाइलच्या प्रती बांधून आल्यावर मला भीमेखाली माझं नाव दिसलं.

"खाजासाब, हा लेख अजून झाला नाही!"

"म्हाईत हाय. रुमाल टाकलाय मी तुझा. आता चढ गाडीत."

मी खरंच लिहायला बसलो होतो. शिल्पाचं वर्णन जमलं, तुलना जमली. अडलो ते पहिल्याच वाक्याला. असल्या लेखात सुरुवातीलाच सांगावं लागतं, वस्तू कुठं आहे. मी लिहिलं, 'भीमेकाठच्या एका गावात.' तुम्ही वाचून कागद परत दिलात. "कोन्तं गाव? कुनाचं घर? पुढच्यानं बघायला जायचं कसं?" मी गावाचं नाव घातलं आणि लिहिलं, 'गावाच्या पूर्व अंगास, नदीच्या उताराला, एका घरासमोर.' लिहिलं आणि मीच खोडलं. गावाच्या कुठल्या अंगाला कोण राहतं हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. गाव चिंचूरगी, लेखक चिंचूरगीकर, दगड गावाच्या उताराला. माझ्या घरमालकाला ही बेरीज करायला बी.ए. व्हायची गरज नव्हती.

खोडलेलं वाक्य तुम्ही बघितलंत. इतर कुणी असता तर गप्प बसला असता. "धर्म बदललास, डिग्री घेतलास," तुम्ही म्हणालात, "अन् घराचा पत्ता सांगायला कामून लाजायलास?"

"तुम्हाला काय जातंय सांगायला? तुम्हाला कुणी लांबून पाणी वाढलं नाही."

तुम्ही कागद माझ्यापुढं सरकवलात आणि कार्डं लावायला बसलात. ते भांडण तिथंच थांबलं आणि पुढं कधी पुरं झालं नाही. त्यात माझी बाजू खोटी नव्हती, खाजासाब. आजही मी ती सोडत नाही. पण ती बाजू फार दिवस पुरली नाही, ते सांगतो.

वर्षभरानं बा मला भेटायला बीदरला आला. घरमालकानं ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि सहज विचारलं, तुम्ही कोण? बानं डोक्यावरचं मुंडासं नीट केलं आणि सांगितलं, आधी महार, आता बौद्ध, आणि हा माझा पोरगा बी.ए. अंगठा उठवणारा माझा बाप ताठ बसून सांगत होता आणि त्याचा बी.ए. मुलगा खोलीत दाराआड उभा होता. महिनाअखेरीला खोली सोडा म्हणून निरोप आला. दुसऱ्या दिवशी तुम्ही टांगा घेऊन दारात. "चल मैलूरला. भायरची खोली रिकामी हाय. भाडं मागितलास तर मार खाशील." "भाडं मी द्यायचं असतं," मी म्हटलं. "तेच म्हनायलो," म्हणालात.

तुमच्या घरी मी दोन वर्षं राहिलो. नसीम माझ्याच मांडीवर बाराखडी शिकली. आता कुणाला काही लपवायचं उरलं नव्हतं. लेख लिहायला कुणाची भीती नव्हती. तरी मी तो लिहिला नाही. भीती गेली आणि नुसती लाज उरली, आणि तिला कारण लागत नाही हे मला तेव्हा कळलं. तुम्ही विचारायचात, मी पेपर तपासायचे आहेत म्हणायचो.

मधल्या काळात त्या नोंदीला हातपाय फुटले. तुमच्या सूचीच्या प्रती चार-दोन विद्यापीठांत गेल्या होत्या. कुणा एकाच्या प्रबंधात माझा लेख आला, आणि त्यानं आपल्या मनानं पृष्ठांकही घातले. त्या प्रबंधावरून दुसऱ्यानं उचलला. तिसऱ्यानं तळटीप दिली, 'चिंचूरगीकर यांचे मत मान्य करता येत नाही.' तुम्ही ती तळटीप मला वाचून दाखवलीत आणि टेबलावर हात आपटून आपटून हसलात. "अरे, न लिहिताच हारलास की तू! आता तरी लिही, निदान काय हारलास ते कळू दे." मीही हसलो. सूचीतली एक चुकीची ओळ किती लांब जाते हे दोघांनाही कळत होतं, आणि दोघेही हसत होतो.

मग गुलबर्ग्याचं चर्चासत्र. एका संस्थेनं तुमची सूची नीट छापायचं मनावर घेतलं होतं आणि त्या दिवशी ते जाहीर व्हायचं होतं. तुम्ही शेरवानी घातली होती. एक विद्वान उठले. सूचीचं कौतुक केलं आणि म्हणाले, भीमेखालचा अमुक लेख मी पुण्यापर्यंत जाऊन शोधला, तो अस्तित्वात नाही. एक नोंद बनावट असेल तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा? सभागृहात सगळे तुमच्याकडं बघायला लागले. तुम्ही म्हणालात, "लेख हाय. यायचाय." लोक हसले.

मी उभा राहिलो. "तो लेख मी लिहिलेला नाही," म्हणालो आणि बसलो.

खरं तेच बोललो. व्यासपीठावरून ते विद्वान म्हणाले, इतकं प्रामाणिक आजकाल कुणी बोलत नाही. टाळ्या पडल्या. स्पष्टवक्ता ही माझी ख्याती त्या टाळ्यांपासूनची. छपाईचा विषय त्या दिवशी निघाला नाही, नंतरही निघाला नाही.

येताना गाडी हुमनाबादला चहाला थांबली. तुम्ही शेरवानीचं वरचं बटण काढलंत.

"बराबर बोललास. सूचीत खोटं नको."

मी बशीत चहा ओतला.

"पन दगड तर खरा हाय ना? लेख न्हाई, दगड हाय, एवढं बी म्हनला असतास तर चाललं असतं मला."

दगड आहे म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कुठं? त्या सभागृहात, त्या विद्वानांसमोर, मला तेवढा एक शब्द म्हणायचा नव्हता. म्हणून मी निम्मं खरं बोललो, आणि त्या निम्म्यानं तुम्हाला खोटारडा ठरवलं. हे तुम्हाला कळलं होतं. चहाचा कप ठेवताना तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात तो कशासाठी, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. तुम्ही शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तुमच्या घरी येणं-जाणं त्यानंतरही तसंच राहिलं. निवृत्त झाल्यावर तुम्ही कार्डं मैलूरला आणलीत, नवी घालत राहिलात. मी दर वेळी म्हणायचो, ते कार्ड काढा.

"न्हाई काढत."

"खोटं हाय ते, खाजासाब."

"खोटं न्हाई, लेट हाय. निजामाची रेल्वे बी लेट यायची, पन यायची."

शेवटच्या आजारात दवाखान्यात तुम्ही लेखाचं विचारलं नाहीत. मी वाट बघत होतो की विचाराल. मायच्या गुडघ्यांचं विचारलंत, ती जाऊन चार वर्षं झाली हे विसरून. मी म्हटलं, बरे आहेत.

मागच्या रविवारी मी गावी जाऊन आलो. भावानं सिमेंटचं घर बांधलंय, दार तेच ठेवलंय. दगड जागेवर आहे. आम्ही दोघांनी उलटला, मी टेप लावून मापं घेतली, वहिनी तोवर बादली घेऊन उभी होती. आसन अजून रिकामं आहे आणि बाईच्या हातातल्या बांगड्या शाबूत आहेत. जे वाक्य मला लिहिता येत नव्हतं ते इथं लिहितो, पुढच्याला बघायला जाता यावं म्हणून. मौजे चिंचूरगी, तालुका अफजलपूर, भीमेचा डावा तीर. गावाच्या पूर्वेस, नदीच्या उताराला, महारवाड्यात, लेखकाच्या वडिलांच्या घराच्या दारात. धुण्याचा दगड म्हणून वापरात. कोरीव बाजू खाली.

बस, एवढंच होतं. पोस्टकार्डावर मावलं असतं.

काल नसीमकडं गेलो. तिला हे वाचून दाखवलं. ती बराच वेळ प्रुफांच्या कडा सारख्या करत बसली.

"मग काका, आता हे छापून येणार म्हणजे लेख झालाच की. ह्याचीच नोंद घालू भीमेखाली?"

"घालता येत नाही. तुझ्या अब्बांनी हातात धरून बघितलंय का हे?"

"न्हाई."

"मग?"

"मग जुनी तरी राहू दे. अब्बांनी घातलीय. मी न्हाई काढणार." तिनं पेन माझ्याकडं सरकवलं. "काढायची तर तुमच्या हातानं काढा."

ती नोंद ठेवणं सोपं होतं. लोकांनी म्हटलं असतं, म्हाताऱ्याची माया. पण तिच्याचमुळं तुमच्या शेकडो खऱ्या नोंदींवर एक माणूस भर सभेत बोट ठेवून गेला, आणि उद्या दुसरा ठेवेल. मी काट मारली. प्रस्तावनेत एक ओळ घातली, की आधीच्या प्रतीत ही नोंद होती, तो लेख लिहिला गेला नाही, आणि दोष ज्यानं लिहितो म्हणून सांगितलं त्याचा आहे, सूचीकाराचा नाही. खाली सही केली. बी.ए. लावलं नाही.

नसीमनं पान उलटं धरून शाई वाळू दिली आणि गठ्ठ्यात घातलं. उद्या ते छापखान्यात जाईल.

तुमची सूची आता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खरी आहे, खाजासाब. तिच्यात मी नाही.